मागे तोंड असलेली सीट

कुणी हसलं की आधी दात बघायचे, मग माणूस. खिशात गुलाबी मेणाचा तुकडा ठेवायचे आणि बोलता बोलता बोटांनी त्याची दाढ करायचे. स्वतःचे सगळे दात शाबूत असताना सफरचंद सुरीने कापून खायचे, कुणी हटकलं तर म्हणायचे, "धंद्याचा माल आहे, जपायला नको?" एखाद्या पाटीवर दातांचं चित्र वाकडं काढलेलं दिसलं तर आत जाऊन सांगून यायचे. पेपर तोंडासमोर धरायचे नाहीत, मांडीवर पसरायचे. अंधारात बोलायचे नाहीत; आधी दिवा, मग बोलणं. समोरचा बोलायला लागला की त्याच्या ओठांवरून नजर हलवायचे नाहीत.

हे सगळं आता 'करायचे' असंच सांगावं लागतं. ते गेले. अजून डोक्यात शिरत नाही.

सगळे त्यांना बत्तिशीकाका म्हणत. सासुरवाडीची माणसंसुद्धा. कवळ्या करणं हा त्यांचा धंदा. घराच्या मागच्या खोलीत लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, कोपऱ्यात पॉलिशचं चाक. दंतवैद्य पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे. काका त्यावरून साचा काढायचे, मेणात दात बसवायचे, मग गुलाबी प्लास्टिकची कवळी करायचे. पेशंट कधी बघायला मिळायचा नाही. साच्यावरूनच ते माणूस ओळखायचे. "हा एकाच बाजूने चावतो. ही बाई झोपेत दात खाते. याचं घरात कुणाशी पटत नाही, बघ कसा आवळून बसलाय." काकू म्हणायच्या, "लोक हात बघून भविष्य सांगतात, आमच्याकडे जबडा बघून सांगतात."

पॉलिशचं ते चाक दिवसभर किंचाळायचं. त्याने काकांचे कान खाल्ले. एकदम नाही, हळूहळू. आधी कुकरची शिटी गेली. मग दाराची घंटा. मग बायकांचे आवाज. बायकांचे आवाज म्हणजे काकूंचा आवाज.

आणि हे काकूंना कळू द्यायचं नव्हतं.

त्याला कारण होतं. काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. दिवसभर सगळ्या शहराचं ऐकायचं आणि आपण 'जोडून देते' यापलीकडे काही बोलायचं नाही, अशी नोकरी. काका तेव्हा तरुण. प्लास्टरची पोती मागवायला परगावी फोन लावायचे. बोलणं संपलं तरी लाइनवर थांबायचे. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "पलीकडे कुणी आहे की गेलं?"

"आहे ना. ऐकतोय."

"काय ऐकताय? मी काही बोलतच नाहीये."

"मग बोला की."

काकू बोलल्या. तेव्हा सुरू झालेलं ते बोलणं लग्नानंतरही थांबलं नाही. त्या कुणालाही सांगत, "माणूस दिसायला बेताचा, मिळकत बेताची. पण ऐकतो हो. माझं सगळं ऐकतो. म्हणून तर केलं लग्न."

आता ज्याच्या जोरावर लग्न झालं तेच गेलं, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगायचं? काकांनी सांगितलं नाही. ते ओठ वाचायला शिकले. सगळा जन्म तोंडांतच गेला होता, फार जड गेलं नाही. काकू बोलायला लागल्या की हातातलं काम टाकून समोर येऊन बसायचे. काही निसटलं तर 'हो ना', 'मग?' आणि 'काय सांगतेस!' ही तीन वाक्यं होती, ती आलटूनपालटून वापरायचे. काकूंना वाटायचं, या वयातही माणूस आपल्या तोंडाकडे बघत बसतो. शेजारणींना त्या हे जरा मिरवूनच सांगायच्या.

असं सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग गाडी आली.

गाडी त्यांनी एका रंगाऱ्याकडून घेतली. जुनी, गोल नाकाची, चार दारांची. रंगाऱ्याने ती हौसेने दुरुस्तीला काढली होती. डावी बाजू घासूनपुसून मोरपंखी रंगवली, उजवीला नुसतं राखाडी अस्तर मारलं, आणि तेवढ्यात त्याची पाठ धरली ती सुटलीच नाही. मग गाडी तशीच उभी होती, डावीकडून लग्नाला निघालेली आणि उजवीकडून दवाखान्यात. काकूंनी ती आधी उजवीकडून बघितली.

"हे काय आणलंत?"

"गाडी."

"ते दिसतंय. उरलेली कुठाय?"

काकांनी त्यांना हाताला धरून डाव्या बाजूला नेलं. "आता बोल."

"आता बरी आहे. पण लोकांना काय सांगणार, इकडूनच बघा म्हणून?"

गल्लीच्या टोकाला गॅरेज होतं. तिथला मेस्त्री सुट्टीच्या दिवशी अंगणात येऊन गाडीचं काम करायला कबूल झाला. त्याने दार उघडलं, आत डोकावला आणि कपाळाला हात लावला. "काका, आधी ही सीट सरळ करू. कुठल्या शहाण्याने उलटी बसवलीय."

ड्रायव्हरच्या शेजारची सीट मागे तोंड करून होती. तिच्यावर बसलं की पाठ काचेकडे आणि तोंड मागच्या सीटकडे. रंगाऱ्याचं म्हणणं होतं की कुणीतरी काढली असेल आणि लावताना चुकला असेल.

काका गुडघ्यांवर बसले. सीटखाली टॉर्च मारला. बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"चुकलेला नाही," ते आतूनच म्हणाले. "पत्र्याला मुद्दाम भोकं पाडलीत. खालून जाड पट्टी दिलीय. आणि बोल्टची टोकं कापून, घासून, गोल केलीत, पायाला लागू नयेत म्हणून. चुकणारा माणूस टोकं घासत बसत नाही."

मग त्यांना एकेक दिसायला लागलं. छताला तीन छोटे आरसे, वेगवेगळ्या दिशांना कललेले. दोन सीटच्या मध्ये वाकवता येईल अशा दांडीवर एक दिवा. मागच्या सीटपाशी दाराच्या कडेला एक बटण. त्याची वायर अस्तराखालून पुढे आलेली आणि डॅशबोर्डवर एका लाल बल्बला जोडलेली. सगळं काम एकाच हाताचं. स्क्रूच्या खाचासुद्धा सगळ्या एका रेषेत.

काका उठून उभे राहिले. चेहरा लाल झाला होता.

"दंतवैद्य!"

"कुठाय?" मेस्त्रीने मागे वळून बघितलं.

"अरे, ही दंतवैद्याची गाडी आहे. फिरता दवाखाना! पेशंट मागे बसणार, डॉक्टर या सीटवर, पेशंटकडे तोंड करून. वर दिवा. तोंडात बघायला आरसे. आणि हे बटण म्हणजे, दुखलं की दाबायचं!"

मेस्त्रीने विचार केला. "पण काका, बल्ब पुढे आहे. डॉक्टरची त्याच्याकडे पाठ. त्याला दिसणार कसा?"

"म्हणून तर आरसे!"

मेस्त्रीने एकदा बल्बकडे, एकदा आरशांकडे बघितलं. त्याने पाना उचलला. काकांनी त्याचा हात धरला.

"सीटला हात लावायचा नाही. डॉक्टरांकरवी पेशंटला विचारल्याशिवाय मी कधी कवळीला कानस लावली नाही. हे ज्याच्यासाठी केलंय तो माणूस सापडू दे. त्याला विचारू. मग बघू."

"आणि तो मेला असेल तर?"

"त्याच्या घरच्यांना विचारू."

मेस्त्री इंजिनाकडे वळला. एकदाचं ते सुरू झालं तेव्हा त्याने बॉनेटवर वाकून मान तिरकी केली. "ऐका, काका. ठोका पडतोय. ऐकू येतोय ना?"

काकांना काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ दातांत धरली. जरा वेळाने म्हणाले, "तिसऱ्या सिलिंडरमध्ये आहे."

मेस्त्रीने तपासलं. तिसऱ्यातच होता. "दातवाला तो दातवालाच," तो म्हणाला. काकांना ऐकूच येत नाही असं त्याच्या डोक्यातही आलं नाही.

पहिली फेरी काकूंना घेऊन. उलट्या सीटवर बसायला त्यांनी साफ नकार दिला. "मी काय पाठमोरी जाऊ? कुठे धडकतोय ते तरी दिसू दे." त्या मागे बसल्या आणि फाटक ओलांडायच्या आत बोलायला लागल्या. काका पुढे बघत होते. इंजिन हाडांत घुमत होतं. मागून येणारं एक अक्षरही त्यांना कळत नव्हतं. चौकात काकूंनी डावीकडे वळायला सांगितलं. गाडी सरळ गेली.

"अहो, डावीकडे म्हटलं ना!" त्यांनी खांद्यावर थाप मारली.

"वळतच नव्हती. स्टिअरिंग जड आहे."

आज हिला कळणार, असं काकांना वाटलं. आणि सहज वर नजर गेली. मधल्या आरशात काकूंचे ओठ होते. कपाळ नाही, खिडकी नाही, बरोब्बर ओठ. ते म्हणत होते, 'जड आहे तर पुढच्या गल्लीतून घ्या.'

"घेतो," काका म्हणाले.

घरी येईपर्यंत त्यांनी रस्ता निम्मा बघितला आणि आरसा निम्मा. उतरल्यावर काकू खुशीत होत्या. काका त्याहून जास्त. आरसा ओठांवर कसा काय बसला, याचं त्यांना नवल वाटलं नाही. दंतवैद्याचा आरसा, तोंडावर नाही बसणार तर कुठे बसणार?

मग दंतवैद्य शोधणं सुरू झालं. ज्यांच्यासाठी काकांनी जन्मभर काम केलं ते सगळे म्हातारे झाले होते. काका एकेकाच्या घरी गेले. कुणी कधी गाडीतून फिरून दात काढणाऱ्याबद्दल ऐकलंय का? कुणी ऐकलं नव्हतं. सगळ्यात जुने डॉक्टर तर हसून हसून खुर्चीतून घसरले. "अहो, माझ्या दवाखान्यातला पेशंट खुर्चीतून उठून पळायचा. त्याला गाडीत बसवला तर गाडी घेऊन पळेल!" त्यांच्या तोंडात काकांनीच केलेली कवळी होती. काका ती बघत होते. एवढं हसले तरी जागची हलली नाही. त्या दिवशी काही हाती लागलं नाही, पण काका समाधानाने घरी आले.

शेवटी माग लागला तो आरशाच्या पाठीवर. एक आरसा पुसायला काढला तर मागे काचेच्या दुकानाचा शिक्का होता. दुकान अजून होतं. दुकानदाराने आरसा उलटसुलट करून बघितला. "आमच्या वडिलांच्या हातचा. असे तीन करून दिले होते. छापखान्यात खिळे जुळवणारे एक गृहस्थ होते, त्यांना. ते आता नाहीत. त्यांची मुलगी पलीकडच्या रस्त्यावर शिवणकाम करते."

"छापखाना?" काका घरी आले ते खट्टू होऊन. मग जेवताना उजळले. "असेना छापखान्यातला. हौशी दंतवैद्य असेल."

"हौशी दंतवैद्य कुणी असतो का?" काकू म्हणाल्या. "हौशी नट असतो, हौशी गायक असतो. हौसेने लोकांचे दात काढणाऱ्याला वेगळं नाव आहे. मी येते बरोबर. तुम्ही काहीतरी भलतंच विचाराल."

शिवणकामवाल्या बाईंची खोली लहान होती. खिडकीपाशी मशीन, भिंतीवर दोरीला कपडे लटकवलेले, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली. बाई पन्नाशीच्या. एका बाहीला टाचण्या लावत होत्या, आणि उरलेल्या टाचण्या ओठांत धरलेल्या. त्यांनी तशाच ओठांनी काहीतरी विचारलं.

काकांना काही दिसलं नाही. ओठ मिटलेले, त्यातून टाचण्यांची टोकं.

"हो ना," काका म्हणाले.

काकूंनी कोपराने ढोसलं. "अहो, त्या विचारतायत, बाही आखूड करायची की लांब."

"आम्ही बाहीसाठी नाही आलो," काका घाईने म्हणाले. "गाडीसाठी आलोय. तुमच्या वडिलांची गाडी. मागे तोंड असलेली सीट."

बाईंचे हात थांबले. त्यांनी एकेक करून टाचण्या काढल्या आणि उशीला टोचल्या. काकांकडे बघितलं. मग खुर्ची उचलून खिडकीच्या उजेडात घेतली, चेहऱ्यावर प्रकाश येईल अशी, आणि बोलायला लागल्या. मोठ्याने नाही. फक्त सावकाश. काकांना एकदम हलकं वाटलं. का, ते कळलं नाही.

"आहे अजून ती गाडी? आणि सीट तशीच?"

"तशीच. मी हात लावू दिला नाही. आधी सांगा, वडील दात कुठे शिकले?"

"दात?"

काकांनी सगळं सांगितलं. दिवा, आरसे, दुखलं की दाबायचं बटण. बाई तोंडावर हात ठेवून हसल्या, मग लगेच हात काढला.

"नाही हो. माझ्या आईबाबांना ऐकू यायचं नाही. दोघांनाही, जन्मापासून. मला आणि भावाला यायचं. आम्ही मागे बसायचो. आई हातांनी बोलायची, आणि सीट पुढे तोंड करून असली तर तिला आम्ही दिसणार कसे? म्हणून बाबांनी ती फिरवली. गाडी चालवताना त्यांना आम्हा सगळ्यांचे चेहरे दिसायला हवेत, म्हणून आरसे. संध्याकाळी अंधार पडला की बोलणं बंद, म्हणून दिवा. आणि बाबांना हाक मारायची तर ते बटण. दाबलं की पुढे लाल दिवा लागायचा, मग बाबा वर बघायचे. भाऊ तर दिवसभर दाबत बसायचा."

काकूंनी पदराने डोळे पुसले. "केवढा विचार केला बाई माणसाने."

"भांडायचेही तसेच," बाई म्हणाल्या. "आईचे हात भराभर चालायचे. बाबा एका हाताने चालवायचे, एका हाताने उत्तर द्यायचे. हरायला लागले की दिवा बंद करायचे. अंधारात भांडणार कसं? मग आई परत लावायची. आम्ही मागे बसून मोजायचो, कोण किती वेळा."

काका हसले. त्यांची नजर बाईंच्या ओठांवर होती. बाई त्यांच्याकडे बघत होत्या. बघता बघता त्यांचा आवाज थांबला. ओठ हलत राहिले.

"बरीच झाली," काका म्हणाले. "आधी कुकरची शिटी गेली. मग दाराची घंटा."

काकूंनी काकांकडे बघितलं. मग बाईंकडे. मग परत काकांकडे.

"काय बरीच झाली?" त्या म्हणाल्या. "कुणी काही विचारलंच नाही."

बाईंनी जीभ चावली. "माफ करा हं. मीच विचारलं, किती वर्षं झाली म्हणून. आवाज न काढता. आमच्या घरात आवाज वापरायचोच नाही. समोर असं बघणारं कुणी बसलं की माझा आपोआप बंद होतो." आणि मग, अगदी हळू, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

गाडीची चाकं मेस्त्रीकडे होती; परतीच्या बसमध्ये काकू खिडकीकडे तोंड करून बसल्या. काकांना त्यांची मान दिसत होती. त्या बोलत होत्या की गप्प होत्या, ते कळायला मार्ग नव्हता.

घरी आल्यावर त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहून भांडी घासायला लागल्या. काका दारात उभे राहिले. काकूंचे खांदे हलत होते. घासण्याने, रडण्याने की बोलण्याने? काकांच्या ओठांवर 'हो ना' आलं. त्यांनी ते गिळलं.

"काय म्हणालीस?" ते म्हणाले. "मला ऐकू नाही आलं. जरा इकडे वळून सांग."

लग्न झाल्यापासून त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं.

काकू वळल्या. हात फेसाने भरलेले. "मी म्हणाले, मग इतकी वर्षं मी बोलत होते कुणाशी?"

"माझ्याशीच. समोर बसायचो की."

"आणि मी अशी पाठमोरी असताना?"

"ते गेलं."

"सगळं?"

"सगळं."

काकू स्टुलावर बसल्या. "मी महत्त्वाचं पाठमोरी असतानाच बोलते हो. तोंडावर जे बोलता येत नाही, ते भांडी घासताना बोलते."

"शिव्या होत्या का?"

"होत्या. पण सगळ्या नव्हत्या."

त्यानंतर काकू बोलेनाशा झाल्या. जेवायला वाढत, औषध हातात देत, पण शब्द नाही. विचारलं तर खांदे उडवत. त्यांचं बरोबरच होतं. काकांनी तक्रार केली नाही. पण घरात ते वेड्यासारखे फिरायला लागले. जबडे समोर घेऊन बसायचे आणि दात उलटे लावायचे. कान गेले त्याहून हे वाईट होतं. कान गेले तेव्हा निदान ओठ तरी हलत होते.

मेस्त्री सुट्टीला आला. "मग, सापडला का तुमचा दंतवैद्य? सीट फिरवू?"

"राहू दे," काका म्हणाले. "पेशंट घरातच निघाला."

मेस्त्रीला काही कळलं नाही. तो चाकांचं काम करून गेला. दुपारी काका स्टिअरिंगपाशी बसून आरसे पुसत होते. शेजारचं दार उघडलं. काकू आत आल्या. उलट्या सीटवर बसल्या, पाठ काचेला करून, आणि जरा वेळ मागच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिल्या. मग मान वर केली. आरशात त्यांचे ओठ आले.

"दिसतंय का?"

"दिसतंय."

"तुमच्याकडे वळून बसणार नाही. अजून राग गेलेला नाही."

"नको वळूस. आरशात चालेल."

"कुकरची शिटी कधी गेली म्हणालात?"

काकांनी आठवून सांगितलं. मागच्या खोलीला नवं छप्पर घातलं त्या सुमारास.

"मग तिथून सुरू करू," काकू म्हणाल्या. "पाठमोरी असताना जे जे बोलले ते सगळं. आता मधे 'हो ना' म्हणायचं नाही. नुसतं ऐकायचं. म्हणजे, बघायचं."

एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेली बाई. कुणी कुणाला कधी काय म्हणालं, हे त्यांना वर्षानुवर्षं लक्षात असायचं. रोज जेवणं आटोपली की दोघं अंगणात उभ्या गाडीत येऊन बसायचे. इंजिन बंद. काकू मागे तोंड करून, काका पुढे तोंड करून, आणि मध्ये आरसा. येणाजाणाऱ्याला वाटायचं, गाडी बिघडली म्हणून दोघं रुसून बसलेत.

पहिले काही दिवस नुसत्या शिव्या निघाल्या. काकांनी त्या मनापासून घेतल्या. काही तर त्यांना आवडल्या. एक त्यांनी परत सांगायला लावली. मग शेजारणीच्या कुरबुरी, चुकलेली भाजी, बहिणीच्या आजारपणाची भीती. मग एका दुपारी आभाळ भरून आलं होतं, गाडीत दिवा लावलेला होता, तेव्हा काकू म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही चाक चालवत होतात. मी दारात उभी होते. म्हणाले, मला सुपरवायझर करतायत, पण परगावी जावं लागेल. जाऊ का? तुम्ही मान खाली घालून म्हणालात, 'हो ना.' मग मी म्हणाले, तुम्हाला नको असेल तर 'नाही' म्हणून कळवते. तुम्ही परत म्हणालात, 'हो ना.'"

काकांचा हात स्टिअरिंगवर होता. तो तसाच राहिला.

"मी 'नाही' म्हणून कळवून टाकलं," काकू म्हणाल्या.

"मला कळलंच नव्हतं गं."

"ते आता कळलं मला. इतके दिवस वाटत होतं, तुम्हाला नको होतं."

"मी म्हटलं असतं, जा. मीही आलो असतो. दात काय, सगळीकडेच पडतात."

काकू हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी हात वर केला आणि दांडीवरचा दिवा बंद केला. बाहेर ढग होते, त्यात अंगणातल्या झाडाची गर्द सावली. आरसा काळा झाला. काकांनी जरा वेळ जाऊ दिला. मग दिवा परत लावला.

"जाऊ दे," आरशात काकूंचे ओठ म्हणाले. "तिथे मला ओळखीचं कुणी नव्हतं. बोलले असते कुणाशी?"

मेस्त्री विचारत राहिला, उजव्या बाजूला रंग कधी लावायचा? काका म्हणायचे, आधी हे काम उरकू दे. कसलं काम, ते सांगायचे नाहीत. चेहऱ्यावर तेज आलं होतं. काकू रोज एकेक करत पुढे सरकत होत्या, मधलं काही गाळत नव्हत्या. काका आता मधे प्रश्नही विचारायला लागले होते. सरळ विचारायचे, 'काय म्हणालीस?' या दोन शब्दांची त्यांना चटक लागली होती. दुकानातही विचारायचे, रस्त्यातही विचारायचे, कुणी काही बोललेलं नसतानाही.

असं करत ते काकूंच्या नोकरीतल्या शेवटच्या दिवसापर्यंत आले. एक्स्चेंजमधली जुनी यंत्रं त्या दिवशी बंद झाली होती. काकू घरी आल्या होत्या, फुलांचा गुच्छ ओट्यावर ठेवला होता, आणि त्याच्यासाठी भांडं शोधता शोधता, काकांकडे पाठ करून, बराच वेळ बोलल्या होत्या. काका टेबलाशी बसून 'मग?' आणि 'काय सांगतेस!' म्हणाले होते. तेवढं त्यांना आठवत होतं.

"ते मोठं आहे," काकू आरशात म्हणाल्या. "आता चहाची वेळ झाली. उद्या निवांत सांगते."

"थोडंसं तरी सांग."

"उद्या."

दुसऱ्या दिवशी काका जेवून जरा आडवे झाले. काकू गाडीत जाऊन बसल्या. वाट बघितली. बटण दाबून हाक मारावी तर लाल दिवा गाडीतच लागणार, म्हणून त्या उठून बोलवायला घरात आल्या. काका उठले नाहीत.

त्या दिवशी ओट्यापाशी काकू काय बोलल्या होत्या, ते काकांचं ऐकायचं राहिलं.